फोटोतल्या पेल्याबद्दल

ल्यूव्हन, बेल्जियम, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी, जेवण, लवकर पडणारा अंधार हे सगळं फोनवर बोलून झालंय, ते परत लिहीत नाही.

बाबा, पेल्यासोबतचा माझा फोटो पाहूनही तुम्ही फोनवर अवाक्षर काढलं नाहीत. आत्यानं मात्र ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं, "पेल्यात काय आहे गं?" तिच्याआधी तुम्हाला उत्तर द्यावं असं वाटलं. पेल्यात बिअर होती. नाताळाच्या दिवसांपुरतीच निघणारी, गडद तांबूस, कडक. नाव गौडन कारोलस क्रिसमस. अल्कोहोल १०.५ टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या साधारण दुप्पट. आकडा तुम्ही शोधून काढालच, तो माझ्याकडूनच कळलेला बरा.

पण ती कशी घेतली तेही ऐका. सुट्टी लागण्याआधी माझ्या संशोधनाच्या गाईडबाईंनी आम्हा लॅबमधल्या सगळ्यांना बाहेर नेलं होतं. त्यांचे यजमान होते, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. तेहतीस सेंटीलिटरची बाटली मी आणि शेजारच्या मुलीनं निम्मी-निम्मी केली, सोबत पाव आणि चीज होतं, आणि दहाच्या आत सगळ्या मिळून चालत घरी आलो. पैसे बाईंनी दिले. माझा एक युरो खर्च झाला नाही.

आता फोटोत तो एवढा मोठा, दांड्याचा पेला का, ते सांगते, कारण आई म्हणाली, "एवढा मोठा पेला!" इथे प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो. आपल्याकडे चहाला कप आणि ताकाला भांडं, एवढ्यापुरतं नाही. प्रत्येक ब्रूअरी आपल्या बिअरचा ग्लासही काढते. आकार ठरलेला, वर नाव छापलेलं. दुकानात छताला टेकतील अशा फळ्या नुसत्या ग्लासांनी भरलेल्या असतात. एका बिअरच्या ग्लासाचं तर बूडच गोल आहे, तो टेबलावर उभा राहत नाही, म्हणून त्याला लाकडी स्टँड देतात. तसाच एक फार मोठा ग्लास घेंट शहरातल्या एका जुन्या पबमध्ये मिळतो. तो कुणी पळवू नये म्हणून गिऱ्हाइकाचा एक बूट काढून घेतात आणि टोपलीत घालून छताला टांगून ठेवतात. खोटं वाटेल, पण तिथे आजही हेच चालतं.

आमच्या टेबलावर काय झालं पाहा. बाईंच्या यजमानांनी जी बिअर मागवली तिचे सगळे ग्लास दुसऱ्या टेबलांवर गेले होते. वेटर बाटली घेऊन आला आणि अगदी दिलगिरीनं म्हणाला, ग्लास मोकळा नाही, दुसरी कुठली आणू का? मी म्हटलं, साध्या ग्लासात द्या ना. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. यजमान थांबले. बाटली समोर ठेवून, आपला ग्लास कुणीतरी रिकामा करेपर्यंत, गप्पा मारत थांबले.

त्यामागे कारण आहे. आत वळलेल्या तोंडाचा ग्लास वास धरून ठेवतो आणि फेस टिकवतो. ओतण्याआधी ग्लास गार पाण्यानं विसळतात, कारण साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो. मग ग्लास तिरपा धरून सावकाश ओततात. बाटलीच्या तळाशी यीस्टचा, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्मजीवाचा, साका असतो, म्हणून शेवटचं बोटभर तसंच ठेवतात. ही बर्फासारखी गार पीत नाहीत, थोडी निवलेलीच घेतात, नाहीतर वास उठत नाही. मी वास घेतला तेव्हा आधी काकवी आली, मग खजूर, आणि सगळ्यांत मागून मसाल्याची झाक. घोट गोडसर, जाड, आणि गिळल्यावर छातीत ऊब.

बाबा, माझा विषयच यीस्ट आहे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत तो सुरू झाला, तुम्हीच फी भरलीत. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, जास्त म्हणजे साखर जास्त, साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त, आणि मग त्याच अल्कोहोलमध्ये यीस्टला तग धरणं कठीण होतं. दहा टक्क्यांच्या पुढे त्याच्याकडून नीट काम करून घेणं सोपं नाही. म्हणून अशी बिअर महिनोन् महिने मुरवावी लागते. आजवर मी हे फक्त आलेखात पाहत होते. ज्यावर संशोधन करते त्याची चव एकदा घेऊन पाहावी असं मनापासून वाटलं, आणि घेतली.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. मी राहते ती जुनी विटांची वस्ती पूर्वीच्या बेगीन बायकांची. लग्न न करता, पण मठाच्या शपथाही न घेता, एकमेकींच्या आधारानं राहून देवाचं आणि आजाऱ्यांचं करणाऱ्या त्या बायका. ही बिअर जवळच्या मेखेलेन गावात होते, तीही तिथल्या बेगीनांच्या वस्तीतच. पूर्वी त्या स्वतः आपल्या दवाखान्यासाठी बिअर करत. तिथे ती कुणाला लाजिरवाणी वाटत नसे.

आपल्याकडे तसं नाही, हे मी विसरलेले नाही. गुजरात १९६० साली झालं तेव्हापासून दारूबंदी, बाटली म्हटलं की पोलीस आणि कुजबुज. त्यात आजोबांच्या गळ्यात माळ. दांडिया बाजारात तुम्हाला चारजण थांबवून विचारतील, याचंच मला वाईट वाटतं. चवीचं वाटत नाही. मला सवय लागणार नाही, हा शब्द देते. पण कुणी विचारलं तर "सरबत होतं" असं माझ्यासाठी सांगू नका. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत.

बाकी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी तिथे नसेन. तारीख पुढे ढकलू नका, माझ्यासाठी तर नकोच. काकांना सोबत न्या. थेंब वेळच्या वेळी घालायचं काम धाकटीकडे द्या, तुम्ही विसरता. चाळीस हजार पाठवलेत, सोमवारपर्यंत खात्यात यायला हवेत. ते ऑपरेशनचे आहेत, लग्नाच्या हॉलवाल्याला देऊ नका. हॉलचे मी फेब्रुवारीत वेगळे पाठवते, एज्युकेशन लोनचा हप्ता गेला की.

धाकटीच्या लग्नाला नक्की येते, रजेचा अर्ज दिला आहे. थोरलीचं आधी का नाही, असं तिच्या सासरचे विचारतात हे ती मला म्हणाली. तुम्ही सांगितलं नाहीत. पुण्याच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. त्यांना विचारायचंच असेल तर माझा नंबर द्या, मी स्वतः बोलेन, आणि त्या फोटोचंही मीच सांगेन.

तुमची,
थोरली

ता. क. आई, हॉलच्या पावतीचा फोटो पाठव. ॲडव्हान्स किती दिला ते बाबा सांगत नाहीत.