कबुलीजबाबाला आव्हान देणारा प्रत्येक जण पळवाट शोधत नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायालयात गुन्हा कबूल करून शिक्षा झाल्यानंतर त्या कबुलीलाच आव्हान देणाऱ्यांविषयीचे आपल्या कालच्या अंकातील टिपण वाचले. ज्याने आपल्या तोंडाने गुन्हा कबूल केला त्याने पुन्हा वरच्या न्यायालयाचा वेळ का खावा, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. लेखकाविषयी आदर राखून सांगतो की त्यांनी कायदा अर्धाच सांगितला आहे, आणि उरलेला अर्धा माहीत नसल्यामुळे किती माणसे आयुष्यभर अडकून पडतात याची त्यांना कल्पना नसावी.

कबुलीवरून दोषी ठरलेल्याला शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते, हे खरे आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ मध्येही ती आहे. मात्र हा अडसर खऱ्या, समजून-उमजून दिलेल्या कबुलीसाठी आहे. कबुली नोंदवण्याची पद्धतच चुकली असेल, तर पुनरीक्षण अर्जाने, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून आहे का हे तपासण्याची विनंती करून, ती बाब सत्र न्यायालयासमोर किंवा उच्च न्यायालयासमोर नेता येते. लेखात याचा साधा उल्लेखही नाही.

मी हे का लिहितो आहे ते सांगतो. माझ्या भाच्यावर भांडणातून भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ (मारहाण) आणि ५०४ (चिथावणी देणारा अपमान) खाली गुन्हा दाखल झाला होता. त्याच्यासह तिघे आरोपी होते आणि तिघांचे वकील एकच. तारखांना कंटाळलेल्या त्या तिघांना वकिलांनी सांगितले, 'कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.' पुकारा झाला, तिघे उभे राहिले, तिघांनी मान डोलावली आणि दुपारी दंडाची पावती घेऊन ते घरी आले. दंड भरला म्हणजे आपल्याला शिक्षा झाली, आपण दोषी ठरलो, हे माझ्या भाच्याला कळले ते नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली तेव्हा. हातची नोकरी गेली.

त्यानंतर आम्ही नक्कल काढली. कबुलीचा कागद म्हणजे छापील नमुना होता. 'गुन्ह्याचा तपशील समजला का?' या प्रश्नापुढे 'होय' आणि 'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नापुढेही 'होय', एवढेच तिन्ही कागदांवर एकाच हस्ताक्षरात लिहिलेले होते आणि खाली प्रत्येकाची सही होती. माझा भाचा त्या भांडणात सोडवायला मध्ये पडला होता, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत आला आहे. त्याला न्यायालयात 'तू नेमके काय केलेस?' असे कोणी विचारले असते, तर त्याने तेच सांगितले असते, आणि ते उत्तर कबुली ठरलेच नसते. समन्स खटल्यात, म्हणजे अशा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे कायदा स्पष्ट सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २५२ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत २७५ आहे. ही केवळ औपचारिकता नसून बंधनकारक तरतूद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास यांच्या प्रकरणात १९६५ सालीच सांगितले आहे. असे असताना तिघांच्या तोंडी एकच शब्द कसा आला?

आता त्याचा पुनरीक्षण अर्ज सत्र न्यायालयात आहे. मुदत ९० दिवसांची, ती केव्हाच उलटली होती, त्यामुळे आधी विलंबमाफीचा अर्ज करावा लागला आणि तोच अजून निकाली निघालेला नाही. लेखकांना वाटते तशी ही सोपी सुटका मुळीच नाही. दोषसिद्धी रद्द झाली तरी माणूस निर्दोष ठरत नाही. सहसा खटला पुन्हा सुरू होतो, साक्षीदार पुन्हा येतात, आणि जो केवळ दंडावर सुटला होता त्याला कैदही होऊ शकते. हा धोका पत्करून जो उभा राहतो, त्याला न्यायालयाचा वेळ खाणारा म्हणणे अन्यायाचे आहे. कमी शिक्षेचे आमिष दाखवून मिळवलेल्या कबुलीवर उभी असलेली दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने कासमभाई शेख यांच्या प्रकरणात १९८० साली रद्द केली आणि खटला पुन्हा चालवण्यासाठी परत पाठवला. तेव्हा आपल्या लेखकांच्या मताने न्यायालयाचा वेळ वाया गेला होता काय?

आणखी एक गोष्ट मला बोचते. २००६ पासून आपल्याकडे शिक्षेबाबत वाटाघाटी करण्याची, म्हणजे प्ली बार्गेनिंगची, रीतसर सोय आहे. तिच्यात न्यायाधीशांनी दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून, बंद दालनात आरोपीला विचारायचे असते आणि अर्ज त्याने स्वेच्छेनेच केला आहे याची खात्री करून घ्यायची असते. मग पुकाऱ्यानंतर घटकाभरात उरकल्या जाणाऱ्या साध्या कबुलीसाठी अशी चौकशी का नको? जो वकिलाशिवाय उभा आहे, किंवा ज्याचा वकील तिघांत वाटलेला आहे, त्याला या चौकशीची गरज अधिकच आहे.

जाता जाता आपल्या वार्ताहरांविषयीही लिहितो. त्याच अंकात आतल्या पानावर 'आरोपीची गुन्ह्याची कबुली' असा मथळा आहे आणि बातमी आहे ती पोलीस कोठडीतील जबाबाची. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्यातही होता आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. खटला उभाही राहिलेला नसताना असे मथळे छापले, तर पुढे त्या माणसाने न्यायालयात गुन्हा नाकारला की तोही वाचकांना कोलांटउडी मारणाराच वाटणार. असे मथळे कृपया छापू नयेत.

आणि कालच्या टिपणाला पुरवणी म्हणून एवढे तरी छापावे, की कबुलीवरून शिक्षा झालेल्याने त्याच आठवड्यात निकालाची आणि कबुलीच्या कागदाची प्रमाणित प्रत मागावी, ती स्वतः वाचावी, आणि आपण बोललो त्याहून वेगळे काही तिथे लिहिलेले असेल तर ९० दिवसांच्या आत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा स्वतंत्र वकिलाकडे जावे.

आपला,
एक नियमित वाचक