न पाठवलेलं पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुला फार उशिरा लिहितोय. पुण्यात एम.ए.ला असताना तू जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्यावर निबंध वाचत होतास आणि मी तुला दुसऱ्या पानावरच अडवलं होतं. ज्याच्या एका लेखातून निम्म्या जगाची शस्त्रस्पर्धा निघाली, त्याला तू शहाणा कसा ठरवतोस, असं काहीतरी तावातावाने बोललो होतो. वर्ग माझ्या बाजूने झाला. तू पानांची घडी करून खिशात घातलीस आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

सध्या मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे. इथून प्रिन्स्टन जवळच. प्रिन्स्टन जंक्शनला उतरायचं आणि तिथून ‘डिंकी’ नावाच्या छोट्या गाडीने गावात जायचं. विद्यापीठाच्या मड ग्रंथालयात केननचे कागद आहेत. पिशवी बाहेर ठेवायची, हातात फक्त पेन्सिल, समोर एका वेळी एकच फोल्डर. मी मागवला तो १९४८च्या पत्रांचा. का, ते सांगतो.

१९४६च्या फेब्रुवारीत केनन मॉस्कोच्या वकिलातीत होता, नुकताच ४२ वर्षांचा झालेला. रशिया जागतिक बँक आणि नाणेनिधीत का येत नाही, असं वॉशिंग्टनहून विचारलं गेलं. हा तापाने अंथरुणावर. वर्षानुवर्षं आपलं कोणी ऐकत नाही याची चीड साठलेली होतीच. पडल्या पडल्या त्याने पाच हजारांवर शब्दांची तार सांगितली आणि २२ फेब्रुवारीला ती गेली. पुढच्या वर्षी जुलैत ‘फॉरीन अफेअर्स’ या नियतकालिकात ‘एक्स’ या सहीने लेख आला. रशियाच्या विस्ताराला दीर्घकाळ, धीराने पण खंबीरपणे अटकाव करावा, हे त्याचं सार. लेखक कोण, ते लवकरच फुटलं. तेव्हा तो परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचा प्रमुख होता, युद्धानंतरच्या युरोपला सावरणाऱ्या मार्शल योजनेच्या आखणीत गुंतलेला. त्यामुळे त्याचा खाजगी लेख सरकारचं धोरण ठरला.

वॉल्टर लिपमन या पत्रकाराने त्यावर लेखमालाच लिहिली. अशाने अमेरिका जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यात सैन्य घेऊन अडकून पडेल, हा त्याचा मुद्दा. मी वर्गात तोच मुद्दा माझा म्हणून फेकला होता, हे तुला आता सांगायला हरकत नाही. पण मित्रा, केननला तेच म्हणायचं होतं! राजकीय धोक्याला राजकीय उत्तर, एवढाच त्याचा अर्थ होता. युरोपातली भूक आणि निराशा आधी दूर करा, मग रशियाची भीती आपोआप ओसरेल, असं त्याचं गणित. लेखात मात्र त्याने ते स्पष्ट लिहिलं नाही, आणि खुलासा करायचा तर तो पडला सरकारी माणूस.

१९४८च्या एप्रिलमध्ये अल्सरमुळे तो बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात पडून होता. तिथून त्याने लिपमनला लांबलचक पत्र लिहिलं. तुम्ही माझा अर्थ उलटा लावलात, असं एकेक मुद्दा घेऊन सांगणारं. आणि ते पाठवलंच नाही. लिपमनचे कागद येल विद्यापीठात आहेत, तिथे ते मिळायचं नाही. ते लिहिणाऱ्याच्याच कागदांत राहिलं. ते समोर आलं तेव्हा मला बराच वेळ वाचता येईना. घडी करून खिशात ठेवलेली तुझी पानं डोळ्यांपुढे आली.

पुढचं तुला ठाऊक असेल. हायड्रोजन बॉम्बला त्याने १९५०च्या सुरुवातीला विरोध केला, ऐकलं गेलं नाही. १९५२मध्ये मॉस्कोत राजदूत झाला. पण तिथल्या कोंडीची तुलना त्याने बर्लिनच्या विमानतळावर पत्रकारांसमोर नाझींच्या नजरकैदेशी केली (ती त्याने स्वतः भोगली होती) आणि रशियाने त्याला परत येऊच दिलं नाही. १९५३मध्ये नवे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी त्याला नवं पदच दिलं नाही, आणि तीन महिने पद नाही म्हणजे नियमाने निवृत्ती. त्या डलेसचे कागदही मड ग्रंथालयातच आहेत. दोघांचे खोके एकाच छपराखाली!

१९६६च्या फेब्रुवारीत सेनेटच्या समितीपुढे तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलला. एका मोठ्या वाहिनीने त्याची साक्ष न दाखवता जुन्या विनोदी मालिकेचा भाग दाखवला आणि तिच्या वृत्तविभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. ९८व्या वर्षीही तो इराकयुद्धाविरुद्ध इशारा देत होता. मार्च २००५मध्ये १०१व्या वर्षी गेला. चरित्रकार जॉन गॅडिस यांच्याशी ठरलं होतं की चरित्र त्याच्या मृत्यूनंतरच यावं. बिचारे जवळजवळ तीस वर्षं थांबले, पुस्तक २०११ला आलं.

त्याला देव करायला मी निघालेलो नाही. त्याने सुमारे ८८ वर्षं डायरी लिहिली आणि तीत स्थलांतरितांबद्दल, कृष्णवर्णीयांबद्दल, ज्यूंबद्दल वाचवत नाही असं लिहून ठेवलंय. तेही त्याने जपून ठेवलं. या मुद्द्यावर तू काय म्हणशील, मला खरंच ऐकायचंय.

आणि तो तुझा निबंध अजून आहे का? असेल तर झेरॉक्स काढून पाठव. तिसऱ्या पानापासून पुढे काय होतं, ते मला माहीतच नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र