नव्या टाकीत प्रवाळ सोडण्याची घाई नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत प्रवाळे पाळण्याची हौस आता मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटपर्यंत येऊन पोहोचली आहे. या नव्या टाक्यांमधली पुष्कळ प्रवाळे रोगाने नव्हे, तर पाळणाऱ्याच्या घाईने मरतात, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी 40 लिटरची टाकी घेतली. दुकानदाराने त्याच दिवशी सोबत मशरूम (छत्रीसारखी चपटी) आणि झोअँथिड (फुलांसारख्या तोंडांच्या वसाहती करणारी) जातीची प्रवाळे दिली आणि पाण्याची पातळी उतरली की मिठाचे तयार पाणी घालून ती सारखी करावी, असे सांगितले. मी इमानेइतबारे रोज एक लिटर पाणी घालत राहिलो. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहते, ही शाळेत शिकलेली गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे माझ्या टाकीत 1400 ग्रॅम होते. दहा दिवसांत मी त्यात आणखी 350 ग्रॅमची भर घातली आणि क्षारता, म्हणजे लिटरमागचे क्षार, 44 ग्रॅमच्या घरात नेऊन ठेवली. झोअँथिडांनी मिटलेली तोंडे पुन्हा उघडली नाहीत. मशरूमचा एक तुकडा तेवढा वाचला.

लहान टाकी सोपी, हा समज इथेच खोटा ठरतो. 300 लिटरच्या टाकीत एखादा लिटर कमी-जास्त झाला तर प्रवाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. 40 लिटरच्या टाकीत तीन दिवस पाणी घालायचे राहिले, तरी क्षारता 35 वरून 38 च्या जवळ जाते. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी रोज, शक्यतो ठरावीक वेळी, क्षारविरहित शुद्ध पाणीच घालावे. घरच्या आरओ यंत्राच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, तेव्हा ते पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून गाळून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्यावर आणलेले बरे. क्षारता मोजण्यासाठी तरंगत्या काट्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) विसंबावे.

दुसरी गोष्ट थांबण्याची आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. नव्या टाकीत विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. या काळाला हौशी मंडळी टाकी ‘सायकल’ होणे म्हणतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले तरी लगेच हुरळून जाऊ नये, कारण त्यानंतर तपकिरी आणि मग हिरव्या शेवाळाची पाळी येते. ते ओसरेपर्यंत आणखी महिना-दोन महिने काढून मग एखादे चिवट मऊ प्रवाळ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, सोडावे. मऊ प्रवाळांना कॅल्शियमच्या बाटल्या लागत नाहीत; आठवड्याला दहा टक्के पाणी काढून तेवढेच मिठाचे तयार पाणी घातले की पुरते.

प्रकाशाच्या बाबतीतही हीच सबुरी हवी. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. नवा एलईडी दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावला किंवा पाणी तापले, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. 1998 साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींचे जे झाले, तेच मे महिन्यात आपल्या दिवाणखान्यात होते. पाणी 25-26 अंशांच्या आसपास राखावे. पृष्ठभागावर पंखा सोडला तर ते दोन-तीन अंश उतरू शकते, मात्र आपल्या दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो आणि बाष्पीभवन वाढते ते वेगळेच. वीज गेल्यावर पाणी हलते राहावे म्हणून बॅटरीवरचा हवापंप घरात असलाच पाहिजे.

प्रवाळभित्ती बांधणारी दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच. ती कोणी विकायला काढली तर घेऊ नयेत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडे उचलून आणण्याचा तर विचारही मनात येऊ नये.

शेवटी, लहान मुलांच्या घरांसाठी एक सूचना. काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः त्यांतल्या पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे प्रवाळ असलेला दगड साफ करण्यासाठी उकळला किंवा त्यावर गरम पाणी ओतले, तर वाफेतून घरातल्या सर्वांना विषबाधा होऊ शकते. तसे प्रकार परदेशांत घडलेले आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये, हातावर जखम असेल तर मुळीच नाही. मला ते प्रवाळ विकताना यातला एक शब्दही कोणी सांगितला नव्हता. विक्रेत्यांनी निदान ही सूचना तरी पिशवीवर मराठीत छापून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे