‘३.११’ म्हणजे दोन्ही सारखे नव्हेत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: संगणकांच्या जोडीपैकी एकावर चुकीची विंडोज टाकून पाठवल्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या कंपनीकडून दुरुस्त केलेल्या दोन जुन्या ४८६ प्रोसेसरच्या संगणकांची जोडी मागवली. दोन्हींवर ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११’, म्हणजे नेटवर्कची सोय असलेले विंडोज असेल, नेटवर्क कार्ड आणि केबलही मिळेल, असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. त्यांपैकी एकच संगणक तसा निघाला. दुसऱ्यावर साधे ‘विंडोज ३.११’ आहे.

फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मला प्रोग्रॅम मॅनेजरच्या हेल्प मेनूतली माहितीची चौकट उघडायला लावली, आकडा वाचायला सांगितला आणि म्हणाले, ‘दोन्हीकडे ३.११च आहे, फरक फक्त नावाचा.’ हे उत्तर मला मान्य नाही. दोन्ही १९९३ मधलीच असली तरी साधे ३.११ ही विंडोज ३.१ ची किरकोळ सुधारलेली प्रत होती. नेटवर्क होते ते वर्कग्रुप्समध्ये.

मी दोन्ही संगणक शेजारी ठेवून फाइल मॅनेजरचा ‘डिस्क’ मेनू उघडला. पहिल्यावर ‘शेअर अ‍ॅज’ ही ओळ आहे. तिथे डिरेक्टरीला (आजच्या भाषेत फोल्डरला) नाव द्यायचे, हवा तर पासवर्ड घालायचा, की ती शेजारच्या संगणकाला दिसू लागते. दुसऱ्यावर ती ओळच नाही. डॉसमध्ये, म्हणजे ज्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे विंडोज चालते तिच्यात, आधी वेगळे नेटवर्क सॉफ्टवेअर चढवले तर साधे विंडोज सर्व्हरवरच्या फायली वापरू शकते, हे मला माहीत आहे. पण स्वतःची डिरेक्टरी किंवा प्रिंटर दुसऱ्याला देण्याची सोय त्यात नाही, आणि मला हवी होती तीच.

मी संगणक शिकवतो. पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेटवर्क कसे शिरले, हे मुलांना हाताने करून दाखवायचे आहे. डॉसच्या काळात नेटवर्क म्हणजे बहुतेक ठिकाणी नेटवेअरसारखे वेगळे विकत घेतलेले सॉफ्टवेअर आणि त्यासाठी राखून ठेवलेला एक सर्व्हर. मॅकिंटॉशवाल्यांना १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये फाइल शेअरिंग आयते मिळाले. विंडोजच्या घरात ते १९९२ मध्ये वर्कग्रुप्सच्या पहिल्या आवृत्तीने आणले, आणि टेबलावरचा साधा पीसी देणाराही झाला, घेणाराही. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. तो दाखवायला दोन्ही बाजूंना वर्कग्रुप्सच लागते.

आपल्या ईमेलमध्ये ‘टीसीपी/आयपी टाकून पाहा’ असा सल्ला आहे; टीसीपी/आयपी म्हणजे इंटरनेटवर वापरला जाणारा प्रोटोकॉल, संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत. मायक्रोसॉफ्टचे ते जोडसॉफ्टवेअर वर्कग्रुप्स ३.११ साठी होते, साध्या ३.११ वर ते बसत नाही. शिवाय दोन संगणकांपुरती त्याची गरजही नाही, वर्कग्रुप्ससोबत येणारा नेटबीयूआय हा छोट्या नेटवर्कसाठीचा प्रोटोकॉल पुरतो.

आणखी एक. पातळ कोॲक्सिअल केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारे टोपण) लागतो, आपण एकच पाठवला आहे. एक टोक उघडे राहिले तर सिग्नल तिथून उलटा परततो आणि सगळी लाइन बंद पडते. पहिल्या संगणकात नेटवर्क कार्ड आयआरक्यू ३ वर होते (आयआरक्यू म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची ओळ) आणि माउस कॉम २ या सिरियल पोर्टवर, म्हणजे त्याच आयआरक्यूवर. नेटवर्क सुरू झाले की पॉइंटर जागीच थिजायचा. माउस कॉम १ वर लावून ते मी निस्तरले, त्याबद्दल काही मागत नाही.

माझी मागणी एवढीच: दुसऱ्या संगणकासाठी विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ च्या मूळ फ्लॉपी आणि दुसरा टर्मिनेटर १५ दिवसांत पाठवावा. जमत नसेल तर संपूर्ण जोडी आपल्या खर्चाने परत नेऊन पैसे द्यावेत. जाहिरातीतही दोन्ही विंडोजची नावे वेगवेगळी आणि पूर्ण लिहावीत. दोन्ही पडद्यांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक ग्राहक