भिगवणजवळच्या मत्स्यशेतीवरील मंडळींचे आभार

एकाच कुंपणात रोहू-कटल्याची तळी आणि गप्पी-मोली या शोभेच्या माशांच्या टाक्या दाखवणाऱ्या, जाळे ओढता ओढता प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पिशवीत भरणाऱ्या दादांचे जरा जास्तच. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन. आणि खाद्य आदल्या दिवशीच बंद. पोट भरलेली पिल्ले वाटेत घाण करतात, अमोनिया वाढतो नि पिशवीतली निम्मी पिल्ले मरून उलटी तरंगतात. तळ्यावर पोहोचल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर ठेवायची, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यायचे. घाईने ओतले की तापमानाच्या धक्क्याने पिल्ले दगावतात, आणि बोल मात्र पिल्ले विकणाऱ्याला!

हात बुडवून पाणी जोखणाऱ्या मावशींनाही नमस्कार. कोपर बुडण्याआधीच हिरव्या पाण्यात तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ जास्त. शेण-खाद्य थांबवायचे, नाहीतर पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर तोंड काढतात.

गप्पीच्या टाकीत हायड्रिला ही पाणवनस्पती सोडणाऱ्या पोरालाही शाबासकी. मादी स्वतःचीच पिल्ले गिळते. त्या गुंत्यात ती लपतात.