शोभिवंत माशांचे दुकान आणि परदेशी प्लॅनेरिया: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

शोभिवंत मत्स्यपालनाला पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान मिळते, याचा माझ्यासारख्या हौशी माणसाला आनंदच आहे. पण माशांसोबत आणि त्याहून जास्त पाणवनस्पतींसोबत जे फुकट घरी येते, त्याकडे आपल्या खात्याचे लक्ष वेधायचे आहे.

प्लॅनेरिया हा चपटा कृमी आपण शाळेत पुनर्जननाच्या धड्यात शिकलो. कापला की मरत नाही, दोन होतात. परीक्षेपुरते हे गमतीचे. पण पानाला चिकटून एक तुकडा जरी नव्या पाण्यात पोचला, तरी त्याचा वंश चालू होतो. अंड्यांचे कोशही पानांनाच चिकटलेले असतात. उत्तर अमेरिकेतला गिरार्डिया टिग्रिना हा प्लॅनेरिया असाच १९२०च्या दशकात जर्मनीत सापडला आणि पुढे युरोपभर, जपानपर्यंत पसरला. संशोधक त्याचा दोष प्रामुख्याने मत्स्यालयांच्या व्यापाराला देतात. स्कॉटलंडच्या लॉख नेस तलावात तर अमेरिकेतलाच दुसरा एक चपटा कृमी १९७०च्या दशकात आढळला. तिथला प्रसिद्ध राक्षस शोधायला आलेल्यांच्या ओल्या सामानातून तो आला असावा, असा अंदाज आहे. राक्षस काही मिळाला नाही!

माणसाला या परदेशी प्लॅनेरियाचा काही त्रास नाही, हे आधीच सांगतो. उगाच घबराट नको. तो खातो बारीक गोगलगायी, कोळंबीवर्गातले जीव, किड्यांच्या अळ्या. आपल्या ओढ्यांतही मूळचे प्लॅनेरिया आहेत, त्यांच्या तोंडचा घास पळवणारा हा पाहुणा. दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून तपासणी हवी. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून आणलेली टाकी कंटाळा आला की कुठे रिकामी होते? नाल्यात, नाहीतर पवई तलावात. पवई आणि विहार भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत जाते.

खर्चिक काही मागत नाही. पवई, विहार, तुळशी इथे महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडून पाहणी करवून घ्या. फडक्यात बांधलेला कलेजीचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला की प्लॅनेरिया त्यावर जमतात. पुढची ओळख तज्ज्ञ पटवतील. अनुदान घेणाऱ्या युनिटांना बाहेरून आलेल्या वनस्पती वेगळ्या टबात ठेवून तपासण्याची अट घाला. आणि प्रत्येक दुकानात मराठी व हिंदीत फलक लावायला सांगा: टाकीचे पाणी गटारात, तलावात नको, कुंडीत ओता, काढलेल्या वनस्पती उन्हात कडक वाळवून मगच टाका. वाळले की हा कृमी मरतो.

अनुदानाच्या अर्जातच ही अट छापली, तर वेगळ्या शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागणार नाही, असे मला वाटते. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
भांडुपचा एक मत्स्यप्रेमी