गुंड्याच्या दाढा

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आहे तिथेच आहे, मीनाचा गुडघा कुरकुरतो. झालं.

गुंड्या परत खाईना. हसू नकोस. बुधवारी सकाळी कोथिंबिरीची काडी पुढे केली तर धावत आला, तोंडात घेतली आणि चावता चावता टाकून दिली. हनुवटीखालचे केस लाळेने ओले. लेंड्या एरवी वाटाण्याएवढ्या, त्या मिऱ्याएवढ्या झालेल्या. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला की आतडी थांबायला लागतात, एवढं आता मलाही कळतं. तशीच रिक्षा केली.

सशाचे 28 दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजायचे गवत चावून, आणि आम्ही पहिली दोन वर्षं त्याला गाजरं आणि मारी बिस्किटं चारली. 'अरे, ससा आहे तो, जावई नाही,' असं तू म्हणालास तेव्हा मी फोन आपटला होता. आता खालच्या दाढांचे काटे जिभेत घुसतात, वरच्यांचे गालात. वरच्या मुळांनी डोळ्याची नळी दाबलीय, म्हणून डावा डोळा सारखा पाझरतो. त्यात आधीच्या एका डॉक्टरने पुढचे दात नेलकटरने तोडले होते, एक उभा चिरला. ते आठवलं की अजून हात शिवशिवतात.

तर दर सहा आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासून आणायच्या. भुलीआधी उपाशी ठेवायचं नाही, कारण सशाला उलटी होतच नाही. (तुझ्या हळदीच्या रात्री तू ससा असतास तर माझा नवा कुर्ता वाचला असता.) आतापर्यंत हे जमलं. या वेळी रक्त तपासलं तर क्रिएटिनीन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. दुखू नये म्हणून मेलॉक्सिकॅम द्यावं तर ते मूत्रपिंडाला जड, न द्यावं तर दुखतं म्हणून खात नाही. लसूणघास स्वस्त पडते म्हणून मी पेंढ्या आणायचो, त्यात कॅल्शियम फार, तीही बंद. डॉक्टर पोरगी चांगली आहे. म्हणाली, "काका, सात वर्षांचा आहे. भूल झेपेल किंवा नाही झेपणार. तुम्ही ठरवा."

मी ठरवू?

तोवर टॉवेलात गुंडाळून सिरिंजने भरवतोय, भिजवलेल्या पेलेट्सचा लगदा, दर तीन-चार तासांनी. अर्धा त्याच्या पोटात, अर्धा माझ्या बनियनवर. मीनाच्या पिठाच्या काट्यावर रोज वजन करतो. 1 किलो 610 होता, आज 1 किलो 420. श्रेयाला अजून सांगितलं नाही. ससा तिचा, आणि ती तिकडे परीक्षेत.

बाळ्या, नानांच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात तू म्हणालास, 'आता घरी नेतो.' आणि मी तुला काय बोललो ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय. वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस. बरोबर केलंस. पण तेव्हा तू ठरवलंस कसं? डॉक्टर म्हणाले म्हणून, पैशांकडे बघून, की नानांकडे बघून? सशाशी तुलना केली म्हणून रागवशील. नाना रागावले नसते, आंधळ्या बोक्याला मांडीवर घेऊन जेवायचे ते. मला हे विचारायला दुसरं कोणी नाही.

सुमितचं ठरलं म्हणे! अभिनंदन. तारीख कळव. वहिनींचा बीपी कसा आहे? छपराचे पत्रे बदललेस का?

मंगळवारची वेळ घेऊन ठेवलीय. सोमवारी संध्याकाळपर्यंत रद्द करता येते. त्याआधी फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल, अकराला त्याचं शेवटचं भरवणं असतं, मी जागाच असतो.

तुझा,
दत्ता